कशावरून तांडेल

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर उभं राहून तुम्ही नुसतं "आज शनिवार" म्हणालात, तरी जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागून प्रश्न यायचा, "कशावरून?" उत्तर पटलं नाही, तर त्या माणसापुरता तो दिवस शुक्रवारच राहायचा. चाळीस वर्षं मासेमारीच्या मचव्यावरचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, म्हणून काढलेल्या या गृहस्थांचं खरं नाव मला फार पुढे कळलं. सगळं बंदर त्यांना कशावरून तांडेल म्हणायचं आणि तेही त्या नावाला ओ द्यायचे. फक्त ओ देण्याआधी मान वळवून, हाक मारणारा ओळखीचाच आहे ना, याची खात्री करून घ्यायचे.

वैद्यांनी पुडी दिली की ते ती आधी वैद्यांनाच चाखायला लावत. स्वतःची होडी स्वतःच्या हाताने बांधून घराकडे निघत आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन आपणच मारलेली गाठ ओढून बघत. एकदा मी हसलो, तर म्हणाले, "हसतोस काय? मी मला साठ वर्षं ओळखतो. म्हणून परत इलो."

अशा माणसाकडे मी संशोधन करायला गेलो होतो! एकोणीसशे तीसच्या आगेमागे मुंबई विद्यापीठात नुसत्या परीक्षेऐवजी प्रबंध लिहून एम. ए. होण्याची सोय होती आणि आमच्या वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी कशाचं ना कशाचं संशोधन करत होता. त्या हिवाळ्यात आम्ही तिघे रत्नागिरीला उतरलो. नेने प्राणिशास्त्राचा. त्याला समुद्राच्या तळाचे शंखशिंपले हवे होते. दुसरा भाषेचा. तो खलाशांचे शब्द टिपायला आला होता, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगून झाल्यावर तांडेल त्यालाच "कशावरून?" विचारू लागले, तेव्हा आठव्या दिवशी बोटीत बसून निघून गेला. तिसरा मी, अर्थशास्त्राचा. माझे वडील पूर्वी इथल्याच कचेरीत होते. विषय होता मांडवीचा मच्छीमारीचा धंदा. प्रबंध जूनच्या आत मान्य झाला, तर एका कॉलेजात अध्यापकाची जागा मला मिळायची होती. आमच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, "मासे कुठे मिळतात त्याचा नकाशा हवा. तोच तुमच्या प्रबंधाचा कणा."

त्या नकाशातच सगळी गोम होती. भर समुद्रात मासळीची जागा तांडेल कशी ओळखतो? किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकापुढे एक आणतो. समजा, देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच. मग दुसऱ्या बाजूच्या अशाच दोन वस्तू जुळवतो. दोन्ही ओळी जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. तिला म्हणायचं खूण. ती खूण बाप मुलाला सांगतो, तेही मुलगा मचवा हाकायला लागल्यावर. आणि मी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून विचारत होतो, "बाबा, तुमच्या खुणा कुठल्या?"

तांडेलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा ना?"

"हो."

"तुझ्या बापाने लिहिलंन नि आमच्या जमिनीचा सारा वाढला. आता तू समुद्राला लावणार?"

"छे हो! हे विद्यापीठासाठी आहे."

"त्याला कशाला हवीय मासळी?"

मी ज्ञान, प्रगती, देश असे मोठमोठे शब्द वापरले. ते ऐकताना त्यांचे डोळे अधिकाधिक बारीक होत गेले. पण पंधरा दिवस मी रोज धक्क्यावर बसलो, तेव्हा सोळाव्या दिवशी त्यांनी आपणहून हाक मारली. "लिही, मेल्या. कटकट गेली." आणि एकामागून एक बारा खुणा सांगितल्या, सगळ्यांच्या तळाशी मऊ चिखल म्हणून. मी त्या भराभर उतरवून घेतल्या.

प्राध्यापकांचा दुसरा नियमही मी विसरलो नव्हतो: एका तोंडावर भरवसा ठेवायचा नाही, तीन तोंडांनी एकच गोष्ट सांगितली तरच ती लिहायची. मी आणखी दोन तांडेल गाठले, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी. त्यांनीही त्याच बारा खुणा सांगितल्या, अगदी त्याच क्रमाने! मला शास्त्राचा विजय झाल्यासारखं वाटलं. नकाशा शाईने काढला. मासळीच्या जागांना निळा रंग दिला आणि कडेला सुरेख अक्षरात लिहिलं, 'तळ: मऊ चिखल'.

तो नकाशा घेऊन नेने चिखलातल्या गोगलगायी आणायला गेला आणि दुपारी परत आला तो हातात फाटकी जाळी घेऊन. दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याच्या बुडाला चरबी फासून तो तळाशी सोडायचा, म्हणजे तिथे जे असेल ते चिकटून वर येतं. नेनेने तो दाखवला. चरबीवर चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता. होते ते दगडाचे ओरखडे.

"चार जागा पाहिल्या," नेने म्हणाला. "चारही ठिकाणी कातळ. माझ्या प्रबंधात मी कातळ लिहिणार, तुझ्यात चिखल आहे. दोन्ही एकाच विद्यापीठात जाणार. आता आपल्यातला एक जण खोटा ठरणार, आणि दगड माझ्याकडे आहेत."

मी तसाच धक्क्यावर गेलो. तांडेल जाळं विणत होते.

"बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"कशावरून?"

मी शिशाचा गोळा पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. "चांगला कातळ हाय," म्हणाले.

"पण तिघांनी एकच कसं सांगितलं?"

"आम्ही तिघं रोज संध्याकाळी एकाच पारावर बसतो. तुझ्या मास्तराला हे ठाऊक नाय?"

माझा चेहरा पडला असावा. मी जूनची गोष्ट सांगितली, अध्यापकाच्या जागेची. त्यांनी विणणं थांबवलं. मग हळूच म्हणाले, "मुंबैला माझा भाचा हाय. तो सांगतो, आगबोटीला जाळं बांधून समुद्राचा तळ खरवडतात. तुझा कागद त्यांच्या हाती पडला तर? आमच्या मचव्यांनी मग काय कातळ खायचे?"

त्यांनी जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं. "तुला खोटं सांगितलं त्याचं मला काय नाय," ते म्हणाले, "पण खोट्यावर तू जन्मभर पोट भरणार, ते बरं नाय. सकाळी ये. कागद आणू नको."

सकाळी त्यांनी माझे खिसे तपासले, कानावरची पेन्सिल काढून घेतली, धोतराचा सोगासुद्धा झटकायला लावला. मग मचवा सोडला. कुठल्या बाजूला, ते विचारू नका. एका जागी येऊन ते म्हणाले, "समोर बघ. आता डावीकडे बघ." मी पाहिलं. दोन्ही ओळी जुळल्या होत्या. त्यांनी शिसं सोडलं. ते वर आलं तेव्हा चरबीवर काळाभोर, लोण्यासारखा चिखल होता. तो त्यांनी बोटाने निपटून माझ्या तळहातावर ठेवला. "ही एक खरी. आता काय लिहायचं ते तू ठरव. नि तो खोटा कागद फाडून टाक."

"फाडतो," मी म्हणालो.

मी कुठलाच नकाशा जोडला नाही. त्याऐवजी खुणा का लपवतात यावर एक प्रकरण लिहिलं. प्रबंध परत आला, सोबत शेरा होता, 'नकाशा कुठे आहे?' जूनमध्ये ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मला पदवी मिळायला आणखी दीड वर्ष लागलं आणि नोकरी मिळाली ती तीनशे मैलांवर. प्राध्यापकांनी शेवटपर्यंत मला माफ केलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी सुटीत मुंबईला असताना एका आगबोट कंपनीचे गृहस्थ मला भेटायला आले. गळ्यात टाय, तोंडात गोड भाषा. मी मांडवीचा नकाशा काढला होता, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तो मिळेल का? मी थोडे आढेवेढे घेतले, विद्येच्या पावित्र्यावर दोन वाक्यं बोललो आणि ट्रंकेच्या तळातून निळ्या रंगाचा तो सुंदर कागद काढून दोन्ही हातांनी त्यांना अर्पण केला. हिवाळ्यात कळलं की त्यांच्या बोटीने लोखंडी तारांची दोन जाळी फाडून घेतली आणि ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

ही हकिकत सांगायला मी मुद्दाम रत्नागिरीला गेलो. सगळं नाटक साभिनय केलं, टायसकट. धक्का हसून लोटपोट झाला. तांडेल मात्र हसले नाहीत.

"म्हणजे कागद फाडला नव्हतास."

"नाही, पण त्याचा उपयोग..."

"फाडतो म्हणालास नि फाडला नाहीस." ते जवळ सरकले. "नि ती खरी खूण? ती कुठं लिहून ठेवलीस?"

"कुठेच नाही. डोक्यात आहे."

"लग्न झालं?"

"झालं."

"बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"कशावरून?"

यावर कुठल्याही विद्यापीठाला मान्य होईल असा पुरावा माझ्याजवळ नव्हता. तांडेल मला होडीपर्यंत पोचवायला आले आणि मी आगबोटीत चढेपर्यंत तिथेच उभे राहिले. मायेने असेल किंवा मी खरंच जातोय ना हे बघायला.

दुसऱ्या वर्षी श्रावणात त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. बाबा गेले. त्रास फार झाला नाही. शेवटच्या दिवशी विचारत होते, 'तो मुंबैचा अजून गप्प हाय ना?' मी उलट टपाली दोनच शब्द लिहिले, 'गप्प आहे.' पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं, चार पावलं पुढे गेलो आणि ते नीट आत पडलं ना, हे बघायला परत आलो.