शेंदराखालची कड

सभेच्या मांडवात तुम्ही जी गॅसबत्ती टांगता, तिच्या पांढऱ्या जाळीत कशाचा उजेड पडतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारले आहे का?

मी विचारले नव्हते. अकोल्याला माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. आमच्या घरात पुस्तके नव्हती, पत्रके होती. दारूविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, देवळाबाहेर उभ्या ठेवलेल्या माणसांच्या बाजूची. त्यांच्यावरच मी अक्षरे ओळखायला शिकलो आणि पुढे तशीच पत्रके लिहूही लागलो. ती सगळी अशाच बत्तीखाली वाचली गेली. उजेड मात्र मी रॉकेलचा समजत होतो.

अमरावतीला कॉलेजात गेल्यावर भूशास्त्राच्या सरांनी तो समज काढला. जाळीचे सूत जळून जाते आणि मागे काही दुर्मिळ द्रव्यांची राख उरते. तापली की ती उजळते. ही द्रव्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून काढतात. वाळू बोटीने परदेशी जाते आणि जाळी होऊन आपल्याच बाजारात विकायला येते. मी त्याच आठवड्यात या लुटीवर पत्रक लिहिले. सरांनी ते वाचले, किनारा मी मलबारचा लिहिला होता तेवढा दुरुस्त केला आणि परत दिले.

सर पुण्याकडचे. वऱ्हाडी बोली त्यांना भांडल्यासारखी वाटे, म्हणून गावोगाव दगड बघायला जाताना ते मला बरोबर नेत. त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. चुन्याचा दगड पाण्यात साचून तयार होतो, असे पुस्तके सांगत. पण नॉर्वे-स्वीडनकडे काही पांढरे दगड असे सापडले होते की ते पाण्यात साचलेले नसून खालून, तापलेल्या रसाच्या रूपाने वर आले असावेत, असे तिकडच्या काहींचे म्हणणे होते. तशा दगडाला ते लोक कार्बोनेटाइट म्हणत. जाळीतल्या द्रव्यांचे भाऊबंद तशा दगडात मिळतात. एलिचपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्याच्या काठी सरांना काळ्या दगडातून उभा घुसलेला पांढरा पट्टा दिसला होता, आणि तो तसाच आहे असे त्यांना वाटत होते.

त्यांनी कलकत्त्याच्या जाणत्यांना लिहिले. उत्तर थोडक्यात आले: कड दाखवा. पांढरा आणि काळा दगड जिथे एकमेकांना चिकटले आहेत, तो सांधा एकाच तुकड्यात हवा. पांढरा रस तापलेला असेल, तर शेजारचा काळा दगड त्याने बदललेला असणार. पाण्याने भेगेत साचलेला चुना असेल, तर काळा जसाच्या तसा.

उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा जवळ लहान हातोडा होता. प्रत्येक घावाला तुकडा नेमका सांध्यावरच सुटे. काळा एका हातात, पांढरा दुसऱ्या हातात. सगळीकडे काळी माती. पट्टा उघडा होता तो एवढ्याच जागी. पावसाळ्यानंतर घण आणि छिन्नी घेऊन यायचे ठरले. पण पुरानंतर नाल्याचा काठ ओळखू येत नाही, म्हणून खूण हवी होती. एलिचपूरच्या बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानात सरांनी न धुपणारा रंग मागितला. दुकानदार चाचांनी लाल भुकटी जवसाच्या तेलात कालवून दिली.

"ले जाओ मास्तर. बरसात थक जाएगी, ये रंग नहीं जाएगा."

शेजारच्या मळ्यातली बाई बांधावरून पाहत असताना सरांनी सांध्यावर तळहाताएवढा लाल ठिपका लावला आणि आम्ही परतलो.

दिवाळीनंतर सरांची जबलपूरला बदली झाल्याचा हुकूम आला. जायच्या आधी ही एकच खेप उरली होती. नाल्यावर पोचलो तेव्हा खूण शोधावी लागली नाही. दगड वरपासून खालपर्यंत लाल झाला होता. पुढे नारळाची भकले, उदबत्तीची काडी आणि झेंडूची माळ होती. वर पळसाच्या फांद्यांची सावली केलेली. मळ्यातली तीच बाई वांग्याची पाटी खाली ठेवून आमच्याकडे आली. मळा तिच्याच मालकीचा.

तिने सरांना ओळखले. मग त्यांच्या खांद्यावरचा घण पाहिला.

"काहून मास्तर? तुमीच तं देव बसवला, अन् आता तुमीच घण घेऊन आले! इतक्यात भांडन झालं काय देवाशी?"

सर माझ्याकडे पाहू लागले. त्यांना शब्द कळले होते, तरीही.

मी पुढे झालो. माझ्याकडे उत्तरे तयार होती. अशी कितीतरी मी छापून वाटली होती. म्हटले, "बाई, हा देव नव्हे. हा रंग लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात. बाजारातल्या चाचांच्या दुकानातून आणला."

"मंग? आमच्या मारुतीचा शेंदूरबी त्याच दुकानाचा हाय. तोच डबा, तेच तेल. तुमच्या हातानं लावला तं रंग, अन् आमच्या हातानं लावला तं शेंदूर?"

मी सरांकडे वळलो. ते म्हणाले, "वस्तू एकच आहे. शिशाचे भस्म."

"पाह्य!" बाई म्हणाली. "शिकेल मानूस हाय तो. तुले नाई समजत, पोरा."

मग तिने पुराचे सांगितले. श्रावणात नाला कधी नव्हे एवढा फुगला. खालच्या अंगाचे दोन मळे मातीसकट गेले. पाणी या दगडाच्या पायापर्यंत आले आणि तिथून वळले. रात्र उलटल्यावर घरच्यांनी पाहिले, तर मळा जाग्यावर आणि दगडावर लाल ठिपका तसाच. पुढचे त्यांनी केले.

"पाणी नेमकं कुठवर आलं होतं?" सरांनी विचारले. तिने जागा दाखवली. त्यांनी काठाच्या वळणाकडे पाहिले, घण खाली ठेवला, बूट काढले आणि भिंग घेऊन दगडाजवळ बसले. सांधा पूर्ण बुजला होता. बोटाने दाबले तर तेल अजून ओले लागत होते. बाई बाजूला उभी राहून बघत होती. तिला वाटले असावे की ते पाया पडताहेत.

परतताना मी चिडलो होतो. म्हटले, "सर, मंगळवारी सगळे घर परतवाड्याच्या बाजाराला जाते. मळ्यात कुणी नसते. एका घावाचे काम. नंतर पुन्हा रंग लावून ठेवू, कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि तुकड्यावर चिठ्ठी काय लावू?"

"जागेचे नाव."

"कसा आणला, ते विचारतील."

"कोण विचारणार?"

"मी विचारीन," सर म्हणाले. "अरे, ज्या नमुन्याचे ठिकाण लिहिताना हात आखडतो, तो माझ्या काय कामाचा?"

मी आणखी वाद घातला. ज्ञान मोठे की शेंदूर, वगैरे. त्यांनी सगळे ऐकले आणि मोटार येईपर्यंत पायातला काटा काढत बसले. तिच्या मळ्यावरून पुढच्या वर्षी पाणी गेले तर दोष कुणाच्या माथी जाईल, एवढेच त्यांनी मला विचारले. आजही माझे मत पूर्ण बदललेले नाही. दगड दगडच आहे. पण त्या बाईला मी दिलेले उत्तर अपुरे होते, हे मला दिसते.

सरांनी जबलपूरहून टिपण पाठवले. त्यात कडेविषयी एकच वाक्य आहे: सांधा पाहिला, नमुना घेता आला नाही. कलकत्त्याकडून उत्तर आले की हा भेगेत साचलेला साधा चुना असावा. सरांचे म्हणणे खरे की त्यांचे, हे अजून ठरलेले नाही. त्या पट्ट्याचा माग मात्र सरांनी मला काढून दिला आहे. तो नाल्याखालून दक्षिणेकडे, मळ्यांच्या जमिनीखालून गेलेला असणार.

एलिचपूरपासून डोंगरापर्यंत दर उन्हाळ्यात विहिरी खणल्या जातात, म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो आहे. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत काळ्या दगडातून उभा गेलेला पांढरा दगड लागला, तर दोन्ही रंग एकत्र असलेला मुठीएवढा तुकडा मालकाला विचारून बाजूला काढा. कोणत्या गावच्या, कुणाच्या विहिरीतला आणि किती खोलवरचा, ते कागदावर लिहून त्याच्याभोवती बांधा. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ज्या छापखान्याचे नाव आहे, तिथे तो पोचता करा. आणि माझा माणूस येईपर्यंत कृपा करून त्या जागेवर लाल खूण करू नका.