खोबरेलावरचं इंजिन

बाबा बोईसरच्या कारखान्यात फिटर, पण घरातल्या छोट्या रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनाला त्यांनी जन्मभर केळव्याचं खोबरेलच घातलं. यंत्राचं तेल घाला म्हणून मी किती डोकं फोडलं! थंडीत खोबरेल थिजायचं आणि इंजिन अडायचं. मग शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, आई इंजिन तेलाच्या बाटलीशेजारी पायरीवर उन्हात ठेवायची. ते तापेपर्यंत ती आणि बाबा तिथंच चहा पीत बसायची.

बाबा गेल्यानंतरच्या थंडीत मी इंजिन उघडलं. दातेरी चाकांत पिवळा चिकटा बसला होता. त्या खवट वासातही बाबांच्या केसांचा वास ओळखू आला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. झिजलेली चाकं आणि जुनी जड मोटर मी काढून टाकली, मागवलेली नवी बसवली आणि यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. इंजिन अजिबात न अडता, आवाजही न करता रुळांवरून फिरलं. मला काहीच वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी बघतो तर इंजिन पायरीवर उन्हात. मी वैतागलो.

"आई, आता त्याला ऊन लागत नाही. लगेच चालतं ते."

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "बस. चहा ठेवलाय."

मी बसलो. इंजिन तापेपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.