पायऱ्या बुजवणारी मुले

जळगावला गाडी बदलून अमळनेरच्या फलाटावर उतरलो, तेव्हा वैशाखाच्या उन्हाने डोळे उघडवेनात. साताऱ्याच्या माणसाला हे ऊन सोसणारे नव्हे. माझे बालमित्र विनायकराव इथे शाळामास्तर. सुटीत वरच्या वर्गातली मुले घेऊन ते खेड्यात सेवेला जात आणि ‘एकदा येऊन पाहा’ म्हणून माझ्या मागे लागले होते. मी आलो, पण खरे सांगायचे तर खोट काढायच्या इराद्याने. आमच्याकडची सेवा मी पाहिली होती. मुले खराटे धरून उभी राहतात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी कचरा जिथल्या तिथे.

पहाटे बैलगाडीने निघालो. बोरी नदीचे पात्र कोरडे ठणठणीत, दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन, बांधावर पऱ्हाटीचे (वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचे) ढीग. मुले पायी पुढे गेली होती. गाडीवान आबांनी बराच वेळ मला न्याहाळले आणि विचारले, “हाई पोरे कसाले उनात?” (ही मुले कशाला आली?)

“विहिरीच्या पायऱ्या बुजवून रहाट बसवायला.”

“मंग पट्टी बसी,” (मग कर बसेल) ते म्हणाले आणि त्यांनी बैलांना हाकारले.

गावात कोणी ‘या’ म्हटले नाही. बायका अर्ध्या उघड्या दारांतून बघत होत्या. विहीर मात्र देखणी, थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या गेलेल्या. बायका त्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरत. नारू याच पायऱ्यांवरून गावभर होई. ज्याच्या पायातून नारूचा दोरा (दोऱ्यासारखा लांब जंत) बाहेर येतो, तो पाण्यात उतरला की रोगाचे बीज पाण्यात पडते. तेच पाणी लोक पितात आणि वर्षभराने त्यांच्याही पायात दोरा निघतो. विनायकरावांनी हे चावडीसमोर सांगितले. लोकांनी ऐकले आणि उठून गेले.

तरी मुलांनी काम धरले. कोणी विटा वाहिल्या, कोणी चुना कालवला. दुपारी आम्ही अमळनेरहून आणलेल्या दशम्या निंबाखाली खाल्ल्या. गावातून ताकाचा तांब्यासुद्धा आला नाही. सांजेपर्यंत पायऱ्यांच्या तोंडाशी कमरेइतकी भिंत उभी राहिली.

सकाळी पाहतो तर भिंत नाही! विटा एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या. मला वाटले, गाडीवान आबांचे काम. मुलांना चावडीवरच्या तरुणांचा संशय. क्षणभर तर, कंटाळलेल्या मुलांनीच हे केले नसेल ना, असेही माझ्या मनात आले.

“मीच काढ्यात,” खालून आवाज आला.

मधल्या पायरीवर एक वयस्कर बाई बसली होती. गाव तिला अक्का म्हणे. तिचा मुलगा नारूने अंथरुणाला खिळला होता. पायातून निघालेला दोरा काडीला गुंडाळून तो घरात पडला होता, आणि पेरणी तोंडावर आली होती.

“मी उठाव नही,” (मी उठणार नाही) ती म्हणाली. “उद्या रहाट मोडना ते पानी कोन दी? तुम्ही?” (उद्या रहाट मोडला तर पाणी कोण देईल?)

विनायकराव समजावू लागले. तिने तोंड फिरवले. तेव्हा मुलांतला भिका पुढे झाला. तो जवळच्याच खेड्यातला, वसतिगृहात राहून शिकणारा. धोतर वर करून त्याने पिंढरीवरचा नारूचा व्रण दाखवला.

“गावमा बठ्ठासले शे,” (गावात सगळ्यांनाच आहे) अक्का म्हणाली. “त्यामा काय देखानं? भिंत बांधी म्हणजे पुढला साल निंघाव नही का?” (त्यात काय बघायचे? भिंत बांधली म्हणजे पुढच्या वर्षी निघणार नाही का?)

विनायकरावांनी भिकाकडे पाहिले. ‘नाही निघणार’ एवढेच म्हणायचे होते. मीसुद्धा मनात म्हटले, म्हण बाबा आणि मोकळा हो.

भिका म्हणाला, “पुढला साल बी निंघी, अक्का. हाई पानी तुम्ही पी चुकनात. त्याना पुढला साल निंघाव नही.” (पुढच्या वर्षीही निघेल. हे पाणी तुम्ही पिऊन चुकलात. त्याच्या पुढच्या वर्षी निघणार नाही.)

वर जमलेली माणसे हसली. कोणी ओरडले, “मंग कसाले बांधतस?” भिकाचा चेहरा उतरला. अक्का मात्र हसली नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि एकेक पायरी चढत वर आली.

“बांधा,” ती म्हणाली. “पन जाशात तवलोंग पानी तुम्ही काढानं.” (पण जाईपर्यंत पाणी तुम्ही काढायचे.)

मुलांनी काढले. भिंत पुरी झाली, रहाट बसला, आणि आठवडाभर मुले सकाळ-संध्याकाळ दोर ओढत राहिली. तळहातांची सालटे निघाली. बायका लांबूनच हंडे ठेवत आणि पाणी निरखून मगच उचलत. निघायच्या दिवशी अक्काने कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी आणि ठेचा पाठवला. स्वतः मात्र आली नाही. परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच होते: पुढच्या उन्हाळ्यात नारू निघेल आणि ही भिंत पडेल.

तो निघाला. त्यानंतर विनायकराव साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी सांगितले. दोरे निघू लागताच पोरांनी फसवले म्हणून गाव खवळले आणि चार-पाच जण पहारी घेऊन विहिरीवर गेले. अक्का भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“पोऱ्यानी सांगेल व्हतं निंघी म्हनीसन,” (पोराने सांगितलेच होते, निघेल म्हणून) ती म्हणाली. “सांगं तसंच व्हयनं. आते दुसरं सांगेल बी देखू.” (सांगितले तसेच झाले. आता दुसरे सांगितलेलेही बघू.)

पहारी परत गेल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात नारू निघाला नाही.

चांगले काम करायला निघालेल्या माणसाला थोडे खोटे बोलायची मुभा असते, असे मी धरून चाललो होतो. भिकाने ती घेतली नाही, आणि भिंत राहिली ती त्यामुळेच.