तीन अणूंच्या जाडीचा थर

मंगळवारी सकाळी सलमा धुळ्याहून जळगावला यायला निघाली. पारोळ्याच्या अलीकडे बसला अपघात झाला. साडेदहाला मला फोन आला, सलमा गेली होती.

आम्ही दोघी जळगावला एकाच प्रयोगशाळेत काम करत होतो. चिपवर केसाहून कितीतरी बारीक प्रकाशवाट कोरून आलेली असते. तिच्यावर तीन अणूंच्या जाडीचा अर्धवाहक थर बसवायचा, म्हणजे वाटेने जाणारा प्रकाश थराला लागतो आणि थरात वीज उमटते. सांगायला एवढंच. पण मी तो थर मऊ, पारदर्शक शिक्क्याने सरळ खाली दाबायची; हवा अडकायची, सुरकुत्या पडायच्या आणि शिक्का उचलताना थर फाटायचा. पाच चिप्स मी अशाच वाया घालवल्या. सलमा रागावली नाही. एका रविवारी तिने मला पिंप्राळ्यातल्या माझ्या खोलीवरून उचललं आणि धुळ्याला तिच्या अब्बांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात नेलं. अब्बांनी माझ्यापुढे खळ लावलेला कागद ठेवला. मी तो पुठ्ठ्यावर दाबला आणि मधोमध फुगा आला. "मॅडम, इतलं शिकेल शेतस, मंग घाई कसानी?" ते म्हणाले. "एक कड टेका. हवाले जावाले वाट द्या." सलमा तोंडाला ओढणी लावून हसत होती. तिचं सगळं कसब तिथलंच होतं... शिक्का किंचित तिरपा, आधी एक कड, आणि मग शिक्का खाली आणणारं चाक इतकं हळू फिरवायचं, की पाहणाऱ्याला वाटावं ही बसल्या बसल्या झोपली.

शेवटची चिप तिने एकटीने केली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही सुरकुती दिसत नव्हती. मोजणी तेवढी राहिली, आणि अब्बांच्या मोतीबिंदूसाठी ती गावी गेली. बुधवारी येणार होती. सोमवारी मी तिला फोन केला. मोजणीचा लेसर उद्याच मोकळा आहे, मग आठवडाभर मिळणार नाही, तू उद्याच ये, म्हणाले.

"तू पुन्हा सरळ दाबतेयस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, येते."

आठवडाभर थांबता आलं असतं...

तीन आठवड्यांनी मी ती चिप मोजली. प्रकाश सोडला, विजेचा आकडा वर गेला. बंद केला, खाली आला. तिला हेच पाहायचं होतं. मी धुळ्याला जाऊन अब्बांना ते सांगितलं, आणि त्या फोनचंही सांगितलं. ते कागदाला घडी घालत होते. हात थांबले.

"ती म्हने, बुधवारी जास," ते म्हणाले. "मीच म्हनं, काम शे तर जाय. मीच तिले स्टँडवर सोडी उनू."

मग त्यांनी ती अर्धी राहिलेली घडी पुरी केली.

चिप माझ्या टेबलाच्या खणात आहे. डबीवर तिच्या अक्षरात नमुन्याचा क्रमांक आहे. थर शाबूत आहे.