शेषरावच्या टेबलावरचे नऊ रंग

रिटायरमेंटनंतर माझं पहिलं पोस्टिंग अकोल्याला झालं. ऑर्डर सुमनवहिनींची होती. फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, मंगळवारी या. टेबलाचा रंग काढाचा हाय."

सुमनवहिनी म्हणजे आमच्या पलटणीतल्या नायक शेषरावची बायको. शेषराव आणि मी एकाच दिवशी भरती झालो. तो अकोल्याचा, मी वलगावचा. चौथ्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्याच सुट्टीत त्यानं एका कूलरवाल्याकडून जस्ती पत्र्याचं टेबल करून घेतलं, त्यावर खिळ्यानं काहीतरी कोरलं आणि वहिनींनी वाचायच्या आत वरून रंग मारला. म्हणाला, "रिटायर झालो का रंग काढू. मंग वाच."

लग्नापासूनच्या नवव्या सुट्टीनंतर तो बर्फातल्या पोस्टवर गेला. सकाळी सहा दहाला कडा कोसळला. मी खालच्या कॅम्पवर रेडिओ सेटवर होतो. त्याला तासभर हाक मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

तो असता तर गेल्या महिनाअखेर माझ्याबरोबरच रिटायर होऊन घरी आला असता. वहिनींनी हिशेब धरून ठेवला होता.

सकाळी आठला मी रिपोर्ट केलं. टेबल हिरवं होतं, पोपडे धरलेलं.

"रंग काढता येईन ना तुमाले?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, चोवीस वर्षं फौजेत हेच केलं."

हे अर्धंच खरं होतं. इन्स्पेक्शन आलं की आम्ही बादल्या, दगड, झाडांची बुडं, सगळं रंगवत असू. जुना रंग काढायला वेळ कुणाला? त्याच्यावरच एक हात मारायचा. शेषरावही दर सुट्टीत टेबलावर तसाच एक हात मारून जायचा. रंग लावण्यात माझा हात धरणारा पलटणीत कोणी नव्हता. काढायला मात्र कोणी शिकवलंच नव्हतं.

लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, कढया कॉस्टिक सोड्यानं निघायच्या, एवढं आठवत होतं. तोच सोडा बादलीत कालवून मी एका कोपऱ्यावर ओतला. आठ पंचवीसला फेस आला. मी खूश.

आठ अठ्ठावीसला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रंग तर इथला कवाचाच उडाला हाय. हा सोडा पत्रा खाऊन राहिला."

मी बादली बाजूला सारली. "अक्षरं कुठं आहेत?"

"मले काय मालूम? मले त्याईनं पाहू कुठं देलं?"

वहिनींनी अख्खी घागर टेबलावर रिकामी केली. मी मोहनला फोन लावला. मोहन आमच्या युनिटचा मेकॅनिक, आता अकोल्यातच कूलर बनवतो.

"मोहन, जस्तावर सोडा टाकला."

"कोन्या गाढवानं?"

"मी."

"धू आधी. मंग उकळतं पानी टाक अन् लाकडानं खरवड. लोखंड लावू नको. जस्तावर तेलरंग पकडच धरत नाई, सालटं निघतीन."

"रॉजर."

"रॉजर काय? आधन ठेव."

कमांड वहिनींनी घेतली. मला एक करवंटी मिळाली, कारण बाकी कशाचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. पाणी पडलं की रंग फुगायचा आणि सालटं निघायची. एकेक रंग म्हणजे एकेक सुट्टी. वहिनी ओळख परेड घेत होत्या. "हा निळा, पोरीच्या बारशाचा. हा गुलाबी. दुकानदारानं लाल म्हनून देला, अन् हे घेऊन आले."

कोपरा काळा पडला होता, पण तिथं काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी देवानं माझी लाज राखली.

बारा पाचला नववा रंग निघाला. मधोमध अक्षरं होती. वहिनींनी पदरानं पाणी टिपलं आणि मोठ्यानं वाचलं.

"सुमन, धीर निघाला नाई ना? चोरून पाहूनच राहिली ना? मले मालूम होतं."

मी फसकन हसलो. वहिनीही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी 'चोरून' या शब्दावर बोट ठेवलं.

"नाई पाह्यलं हो म्या," त्या टेबलाला म्हणाल्या. "वीस वर्सांत एक डाव बी नाई."

मी करवंटी हातात धरून सावधान उभा राहिलो.