चिमने, सांग तिले

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणारी माणसं दारातूनच चेहरा पाडून येतात, माझा हात हातात घेतात आणि मी हसून "बसा, चहा टाकते" म्हटलं की गोंधळून जातात. आता काय सांगू त्यांना... रडू आलं नाही असं नाही. पण नव्वदी ओलांडलेला माणूस, अंथरुणावर पडला तोही जेमतेम आठवडाभर, आणि गेला तो आपल्या खोलीत, आपल्या खुंटीसमोर. शेवटच्या सकाळी मी वाटीत पातळ भात घेऊन बसले होते. अजून एक घास, अजून एकच, असं माझं चाललेलं. त्यांनी तोंड फिरवलं, समोर भिंतीला टांगलेल्या जुन्या खोगिराकडं पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चिमने, सांग तिले, लगाम सोड म्हना." मी वाटी खाली ठेवली. दुपार व्हायच्या आत ते गेले. म्हणून मला हलकं वाटतं, आणि ते का, हे समजायला तुम्हाला आधी चिमणी कोण ते कळायला हवं.

चिमणी आमची घोडी. घोडी कसली, गावठी तट्टूच. रंगाने मातकट, पोटाने गोल आणि स्वभावाने माझ्या मामीसारखी, म्हणजे मनात नसलं की पाऊल हलवायची नाही. बाबा देवीची लस टोचायचे. सरकारी नोकरी, पण कचेरी म्हणजे सगळा मेळघाट. ते गावात शिरले की पोरं झाडावर चढून बसायची. आमचं बिऱ्हाड तेव्हा परतवाड्याला, जंगलाच्या तोंडाशी. घरात आई आणि मी. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, दारात घोडा थांबायचा आणि आतल्या माणसाने ओळखावं म्हणून ते मोठ्याने म्हणायचे, "पोचलो बरं!" तेव्हाचा घोडा वेगळा होता, उंच, पांढरा, बादल नावाचा. बाबांचं आमच्यापेक्षा त्याच्यावर जास्त लक्ष, असं आई म्हणायची. हसून म्हणायची, पण म्हणायची.

मी तेरा वर्षांची असताना आई तापाने गेली. आजार दोन-चार दिवसांचाच. जंगलात निरोप पाठवला होता, निरोप पोचल्याचंही कळलं होतं. अकोल्याहून मामा आला, मामी आली, बाबा आले नाहीत. वाट बघून शेवटी मामाने सगळं उरकलं. बाबा आले ते तिसऱ्या दिवशी दुपारी, आणि आले ते पायी! एका पायात जोडा, दुसरा पाय उघडा, धोतर चिखलाने ताठ झालेलं. दारात उभे राहिले, "पोचलो" म्हणाले नाहीत. मामाने विचारलं, "घोडा कुठी हाय?" ते म्हणाले, "नाही." बस्स, एवढंच. ओसरीवर बसलेल्या बायकांना तेवढं पुरलं. बायको इकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि हा घोडा विकून पायी पायी, सवडीने आला... असं एकीने म्हटलं, दुसरीने उचललं, आणि मी ते पोटात घट्ट धरून ठेवलं. त्या दिवसापासून मी बाबांशी अबोला धरला. मामा मला अकोल्याला घेऊन गेला.

आपल्याकडे अबोला म्हणजे बोलणं बंद असं थोडंच असतं? मधे कुणीतरी लागतं, इतकंच. बाबा दिवाळीला अकोल्याला आले की मामी मधे बसायची. मी म्हणायची, "मामी, त्याईले सांग, चहा थंडा होऊन राहिला." ते म्हणायचे, "वहिनी, तिले इचारा, अभ्यास करते का." हाताच्या अंतरावर बसून आम्ही सहा-सात वर्षं असं बोललो. मामी वैतागायची. "मी काय पोस्टमन हावो काय तुमची?" म्हणायची, पण काम चोख करायची.

पुढे मी अमरावतीला नर्सचं शिकले. मामाच्या मनात नव्हतं, पण मी हट्टाने शिकले. पहिली नेमणूक आली ती सेमाडोहपलीकडच्या एका गावात, नव्याने उघडलेल्या दवाखान्यात. पोळा झाल्यावरच्या सोमवारी रुजू व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. मामाने सांगून टाकलं होतं, ही जागा गेली तर नोकरीचं नाव काढायचं नाही, मूर्तिजापूरचं स्थळ धरून ठेवलंय. स्थळ म्हणजे दोन मुलांचा बाप, आणि मोठा मुलगा माझ्याहून थोडासाच लहान! तर मामा मला घेऊन परतवाड्याला आला आणि बघतो तर घाटात दरड पडलेली, एसटी बंद, लाकडाचे ट्रक बंद. मामाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला अजून दिसतो. "आता माहा काय इलाज," म्हणत तो परतीच्या गाडीची चौकशी करायला वळला, आणि स्टँडच्या कोपऱ्यात बाबा उभे. हातात लगाम, लगामाला चिमणी. कुणी कळवलं, कसं कळलं, देव जाणे. माझ्याकडे न बघता त्यांनी घोडीच्या कानाशी तोंड नेलं.

"चिमने, तिले इचार, बसतं काय म्हना."

मी मूर्तिजापूरच्या स्थळाचा विचार केला. मग पुढे होऊन घोडीलाच म्हटलं, "त्याईले सांग, बसतो म्हना. पन बोलनार नाही." अशी मामीची नोकरी चिमणीला लागली.

दोन दिवसांची वाट. मी काष्टा मारून वर, बाबा पुढे पायी, माझं गाठोडं त्यांच्या पाठीला. दरड पडली होती तिथं घोड्याच्या खुराएवढीच वाट उरलेली, एका बाजूला ओला डोंगर, दुसऱ्या बाजूला धुकं. धुक्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं, हेच बरं होतं. माझे दात वाजत होते. बाबा मागे न बघता म्हणाले, "चिमने, सांग तिले, खाली पाहू नोको म्हना. तुह्या कानाच्या मधून पाय म्हना." मी पाहिलं. दोन मातकट कान, त्यांच्या मधे बाबांची पाठ. पुढचा सगळा घाट मी त्या पाठीकडे बघत उतरले. इतक्या वर्षांत तेवढा वेळ त्यांच्याकडे सलग पाहिलंच नव्हतं. खांदे उतरले होते... मुक्कामाला एका कोरकू म्हातारीने जागा दिली, कुटकीचा भात दिला. तिने विचारलं, ही कोण? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नर्सबाई हाय. पोचवाले चाललो."

दुसऱ्या दिवशी सिपना नदीच्या उताराशी आलो. उतार म्हणजे एरवी गुडघाभर पाण्यातून गाड्या जातात ती जागा. त्या दिवशी पाणी लालभडक, वर अख्खी झाडं वाहत येणारी. रविवार होता, उद्या रुजू व्हायचं, आणि बाबा चिमणीला झाडाला बांधून चक्क खाली बसले. बिडी काढली. बिडी ओली, ती पेटेना, तरी ओढत बसले. तासभर गेला. मला राहवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "चिमने, इचार त्याईले, माह्या मायच्या वेळीही असेच बिडी ओढत बसले होते काय?"

बाबा उठले. मला वाटलं, आता ओरडतील. ते घोडीजवळ गेले, तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तिलाच सांगू लागले. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं.

"इथंच व्हतो, चिमने. असंच पानी व्हतं. मी थांबलो नाही. घातला बादलले पान्यात... त्या दगडापासी त्याचा पाय अडकला. त्याची मान मी धरून व्हतो. मंग मान राह्यली नाही हातात. मी त्या पलीकडच्या काठालेच परत फेकल्या गेलो. दोन दिस पानी उतरलं नाही. उतरलं तसा पायी निंगालो."

पाण्याचा आवाज फार मोठा होता. मी घोडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. मग मी घोडीला विचारलं, "मंग सांगतलं काहून नाही?"

"घरात मानसं बसली व्हती तिच्यासाठी. त्याइच्या म्होरं मी घोड्याचं रडू काय?"

आम्ही पाण्याकडे बघत बसलो. उन्हं कलायच्या आत पाणी दगडाखाली उतरलं, दगड दिसू लागला, तेव्हा बाबांनी मला वर बसवलं आणि नेहमीसारखं घोडीला बजावलं, "चिमने, तिले सांग, पाय उचलले गेले की लगाम सोडाचा. आयाळ धराची. कुठून जायचं ते तुले समजते, तिले नाही." त्यांनी स्वतः घोडीची शेपटी धरली आणि आम्ही शिरलो. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. मग खालचा तळ गेला. घोडी पोहायला लागली की काय वाटतं ते सांगता येत नाही, जमीनच सुटते आपली. सगळं ऐकलेलं असून मी घाबरून लगाम मागे खेचला. चिमणीची मान वर झाली, ती आडवी फिरली. मागून बाबा ओरडले, "लगाम सोड!" मी सोडला, आयाळीत दोन्ही हात खुपसले, डोळे मिटले. उघडले तेव्हा चिमणी काठावर उभी राहून अंग झाडत होती, आणि तिच्या शेपटीला कुणीच नव्हतं.

मी उडी मारली. काठाकाठाने धावले, काटे, चिखल, काही बघितलं नाही. "बाबा! बाबा! ओ बाबा!" सगळी नदी मी त्या एका शब्दाने भरून टाकली असेल. पहिल्या वळणावर नाहीत. त्याच्या पुढे नाहीत. मग एका उंबराच्या मुळाला काहीतरी पांढरं दिसलं. पागोटं होतं. पागोट्याखाली बाबा होते, पाठीवर माझं गाठोडं तसंच बांधलेलं, एका हाताने मूळ धरून दुसऱ्या हाताने वर येऊ बघत होते. मी त्यांना ओढलं की त्यांनी मला, ते ठाऊक नाही. दोघंही काठावर येऊन पडलो. तोवर चिमणी आमच्या मागे मागे आलेली. बाबांनी आधी पोटातलं पाणी काढलं. मग घोडीकडे मान वळवून धापा टाकत म्हणाले, "चिमने... इतकं कोन बोंबलत व्हतं व? सांग तिले, पोचलो म्हना."

मी त्यांच्या ओल्या खांद्यावर बुक्क्या मारल्या. "मलेच सांगा ना! मी काय घोडीमांगं लपली काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोचलो, माय," म्हणाले.

पुढची वाट ते वर बसले आणि मी लगाम धरून चालले. त्यांनी मला आईचं सगळं सांगितलं, ती बादलवर कशी रुसायची ते, आणि एकदा चोरून त्याला गूळ खाऊ घालताना कशी सापडली ते. मी चालता चालता हसत होते आणि नाक पुसत होते. सोमवारी मी रुजू झाले. पांढरी साडी सिपनेच्या पाण्याने विटकरी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हा कोणता गणवेश?" मामाने मूर्तिजापूरला नकार कळवला, हे मला नंतर मामीने सांगितलं. निरोप तिनेच नेला होता म्हणे, आणि चांगला तिखटमीठ लावून.

मग वर्षांमागून वर्षं गेली. बाबा फेरीवर असले की दवाखान्याच्या दाराशी चिमणी थांबायची आणि बाहेरून आवाज यायचा, "चिमने, सांग तिले, पोचलो म्हना!" आमचा वाद मात्र जन्मभर चालला, अबोला आधी कुणी मोडला? मी म्हणायची, "तुमी. लगाम सोड असं मले म्हटलं." ते म्हणायचे, "मी घोडीले म्हटलं. तूच बोंबलली." एकोणीसशे साठ-पासष्टच्या पुढे रस्ते झाले, जीप आली, चिमणी म्हातारी होऊन आमच्या अंगणात चारा खाऊन खाऊन गेली. माझी बदली अमरावतीला झाली तेव्हा बाबा खोगीर डोक्यावर घेऊन एसटीत चढले. कंडक्टरने विचारलं, घोडा कुठंय? बाबा म्हणाले, "येते मागून." या घरी आल्यावर त्यांनी आधी त्या खोगिरासाठी खुंटी ठोकली, मग स्वतःची खाट टाकली. आणि कधी आमचं वाजलंच, त्यांनी गोळी घ्यायची नाकारली, मी फुगून बसले, तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "चिमने, सांग तिले, चहात साखर नाही." पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा भ्रमला.

परवा मी खोगीर उतरवून पुसलं. चामडं आता पापडासारखं झालंय, पण एका पट्ट्याच्या शिवणीत अजून लाल माती आहे, ती मी काढली नाही. परत खुंटीला अडकवलं, खाटेवर बसले आणि सवयीने बोलून गेले, "चिमने, इचार त्याईले, पोचले काय म्हना."

मी चहा टाकायला उठले. पलीकडे आई आहे, बादल आहे, चिमणी आहे, वाटेत कुठं पाणी असेल तर बाबा ते उतरायची वाट बघत बसले असतील बिडी ओढत. त्या माणसाला पोचायला उशीर होतो. पण पोचतो.