फायरमनची बाजू

म्हातारा उभा जन्म इंजिनावर होता, हे खरं. ड्रायव्हर होता, ही थाप. मुलाला शाळेत बाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात, तर पठ्ठ्याने छाती फुगवून सांगितलं, इंजिन चालवतात. म्हाताऱ्याने तेव्हा ते खोडलं नाही. मग गल्लीतही तो ड्रायव्हर झाला आणि मुलाचं लग्न जमवताना बायकोने व्याह्यांच्या कानावरही तेच घातलं. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? होता तो फायरमन, भट्टीत कोळसा मारणारा.

आता जुन्या इंजिनशेडचं संग्रहालय झालं आणि ते बघायची व्याह्यांना भारी हौस. म्हाताऱ्याने गुडघ्यांचं निमित्त काढून पाहिलं, पण व्याही ऐकतात कुठले! घरात ड्रायव्हर असताना परक्याकडून कशाला ऐकायचं, म्हणाले.

शेवटी परक्याकडूनच ऐकावं लागलं. इंजिन नवरीसारखं नटवलेलं, भट्टीत लाल दिवा. माहिती सांगणारी बाई म्हणाली, फायरमन व्हायचं ते पुढे ड्रायव्हर होण्यासाठी. पण वर्षानुवर्षं जाळाकडे बघून कित्येकांची नजर अधू व्हायची आणि ड्रायव्हरला तर नजर चोख लागायची. मग काय, निवृत्तीपर्यंत हातात फावडं. लोक चुकचुकले आणि पुढे सरकले. म्हाताऱ्याचं अख्खं आयुष्य बाईने चार वाक्यांत उरकलं होतं आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

तेवढ्यात व्याह्यांनी फोटोची टूम काढली. म्हातारा इंजिनावर चढला. पाय सवयीने जायचे तिकडेच गेले. भट्टीच्या बाजूला, कमरेत जरा वाकून, तो उभा राहिला.

"आजोबा, ती फायरमनची जागा," बाई म्हणाली. "ड्रायव्हर त्या बाजूला असायचा."

व्याह्यांचं हसू थांबलं. म्हाताऱ्याला वाटलं, सांगून टाकावं. जन्मभर कोळसा मारला, कुणाच्या घरी चोरी नाही केली. त्याने तोंड उघडलं.

मुलगा चटकन वर चढला. बाबांना हल्ली काही आठवत नाही हो, असं खाली बघून हसत म्हणाला आणि दंडाला धरून त्याला पलीकडे घेऊन गेला. मग कानाशी लागला.

"मला शाळेपासून माहीत आहे. आता ह्यांच्यासमोर शोभा करू नका."

म्हाताऱ्याने ड्रायव्हरच्या दांड्यावर हात ठेवला. फोटो छान आला. मुलाने तो मोठा करून दिवाणखान्यात लावला.

परवा जेवताना म्हाताऱ्याला राहवलं नाही. मी ड्रायव्हर नव्हतो, फायरमन होतो, असं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मुलाने ताटावरची नजर वर केली नाही. सुनेने मायेने पाण्याचा पेला सासऱ्यापुढे सरकवला आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, "बाबांना आता डॉक्टरकडे न्यायलाच हवं."